कऱ्हाटी ते पळसदेव, विंचसोबत

“तो कागद ठेवा बाजूला, आदी मशीन बघू.”

खोक्यावर चिकटवलेल्या पाकिटातलं माहितीपत्रक, म्हणजे तो कागद, माझ्या हातात होता, पण बोलणारे गृहस्थ माझ्याशी बोलत नव्हते. ते काकांचे शेजारी होते आणि काकांशीच बोलत होते. मी कागदाची घडी घातली आणि ओट्याच्या कडेला सरकले. अंगणात खोक्याभोवती सहा-सात माणसं वाकली होती. एकाने खिशातून चाकू काढून चिकटपट्टी कापली, दुसऱ्याने थर्माकोल उचलून कोंबड्यांकडे फेकला.

खोक्यात विंच होता. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीच्या पुढच्या बंपरवर बसवायचा हा विजेचा रहाट. गाडीच्या बॅटरीवर चालणारी मोटर, तिला जोडलेला लोखंडी ड्रम, ड्रमवर गुंडाळलेला पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला हूक. बटण दाबलं की दोर गुंडाळला जातो आणि हुकाला जे अडकवलं असेल ते ओढलं जातं. काकांकडे जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे, तिच्यासाठी तो मागवला होता. विकणाऱ्यांची पोच कऱ्हाटीपर्यंत नव्हती, म्हणून खोकं पुण्याला आमच्या फ्लॅटवर आलं. काकांचा फोन आला, “खोकं घिऊन तूच ये. त्यातलं इंग्रजी वाचाय कुणीतरी पायजे.”

यंत्रांबरोबर येणारी इंग्रजी माहितीपत्रकं लिहिणं हेच माझं काम आहे. ती कुणी वाचत नाही हे मला ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते कऱ्हाटीत.

पहिला दिवस: कऱ्हाटी

कऱ्हाटी बारामती तालुक्याच्या कोरड्या बाजूला आहे. बारामती म्हटलं की पुण्यात लोकांना फक्त ऊस आठवतो. इथे मला दिसलं ते कापून झालेल्या ज्वारीचं रान, बोरी-बाभळी आणि मधूनच एखादं डाळिंबाचं हिरवं चौकोनी शेत. एसटीतून उतरताना कंडक्टरने खोक्याला हात लावला आणि विचारलं, “ताई, माहेरचा पाटा-वरवंटा आणलाय का काय?” मागचे सगळे हसले. मला उत्तर सुचलं ते बस धुरळा उडवून निघून गेल्यावर.

काकांचं घर पांढरं, स्लॅबचं. आत भिंतीवर बुद्धाचं मोठं चित्र, त्याखाली टीव्ही, त्याखाली जीपचे सुटे भाग. घरात येणारा प्रत्येक जण दारातूनच “जय भीम” म्हणायचा आणि मग लगेच, “आणलं का मशीन?” आमच्या सोसायटीत मी तीन वर्षं राहते आहे. समोरच्या दाराच्या लोकांनी माझ्याकडे काय आलं हे कधी विचारलेलं नाही. इथे संध्याकाळपर्यंत निम्म्या आळीने विंचला हात लावून पाहिला.

काकूंनी हुलग्याचं माडगं केलं होतं. हुलग्याचं पीठ ताकात शिजवून केलेलं हे दाट, आंबट, लसूण घातलेलं पेय मी पहिल्यांदाच प्यायले. दुसरी वाटी मागावीशी वाटली, पण मागितली नाही. काकूंनी न मागता ओतली.

जेवण व्हायच्या आधी काकांनी मला विहीर दाखवायला नेलं. विहिरीच्या काठावर लाकडी फळीवर मोटरीचा स्टार्टर होता. आमच्या घरात जिथे फ्यूज असतो तिथे इथे तांब्याच्या तारेचा पिळा घातलेला होता, करंगळीएवढा. मी बघत उभी राहिले ते काकांच्या लक्षात आलं.

“हितं समद्यांचं असंच. डायरेक्ट.”

“पण मग फ्यूजचा उपयोग...”

“फ्यूज उडाला की मोटर बंद. लाईट असती आठ तास, त्यात व्होल्टेज न्हाय. दिसातनं चारदा उडायला लागला तर पाणी कवा द्यायचं?”

त्यांच्या बोलण्यात चुकीचं असं मला काही सापडलं नाही. जळाली तर मोटर जळेल, ती परत भरून आणता येते. पाण्याची पाळी परत आणता येत नाही. मी मान डोलावली. ‘डायरेक्ट’ हा शब्द पुढचे दोन दिवस मी वारंवार ऐकणार होते, आणि दर वेळी तो कौतुकानेच उच्चारला जाणार होता.

विंच कशासाठी हेही काकांनी तिथेच सांगितलं. माझी आत्या पळसदेवला असते, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी. तिथे शेतकऱ्यांच्या मोटरी पाण्याच्या कडेला लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या असतात. धरणाचं पाणी मागे हटलं की सांगाडा गाळातून पाण्यामागे ओढत न्यायचा, पाणी चढलं की वर ओढायचा. वर्षातून आठ-दहा वेळा. गेल्या वर्षी दहा-बारा माणसं दोर लावून ओढत असताना सांगाडा कलंडला आणि आत्याच्या यजमानांच्या पायावर आला. आमच्याकडे त्यांना मामा म्हणतात. मामांचा पाय जुळला, पण गुडघ्यात वाकत नाही.

“म्हणून म्हणलं, माणसं नगंच त्या गाळात,” काका म्हणाले.

दुसरा दिवस: भवानीनगर

जीपमध्ये पुढे काका आणि मी, मागे विंच. बारामती ओलांडली तसा रानाचा रंग बदलला. कालवा, ऊस, पुन्हा ऊस. भवानीनगर जवळ आलं ते आधी नाकाला कळलं. गाळप चालू होतं आणि मळीचा गोड, कुजका वास काच लावूनही आत येत होता. दहा मिनिटांनी तो जाणवेनासा झाला. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती आणि ट्रॅक्टरवाले चाकांच्या सावलीत बसून ओली भेळ खात होते. काकांनी आमच्यासाठीही कागदात बांधून घेतली. मिरची किती असं भेळवाल्याने विचारलंच नाही. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा काका म्हणाले, “पुण्यात गोड घालत्यात, न्हाय का?”

विंच बसवून देणार होते ते तात्या; त्यांचं दुकान ह्याच रस्त्यावर आहे. जळालेल्या मोटरी उघडून त्यात नवी तार भरायची, हे त्यांचं काम. दुकानात तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास आणि पोट फाडल्यासारख्या उघड्या मोटरी. तात्या सत्तरीच्या आसपासचे, बारीक, टोपी घातलेले. आम्ही गेलो तेव्हा ते चालू मोटरीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून, त्याच्या मुठीला कान लावून डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर गिऱ्हाइकाला म्हणाले, “मागचं बेअरिंग गेलंय. पुढचं न्हाय, मागचं.” गिऱ्हाइकाने उघडून बघण्याचा आग्रह धरला नाही. मीही धरला नसता.

विंच त्यांनी झकास बसवला. बंपरमागे लोखंडी पट्टी वेल्ड केली, चारही बोल्टांना स्प्रिंग वॉशर घातले. बंपरच्या ज्या भोकातून वायर जाणार होती त्याची कड हाताने चाचपली आणि तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. पत्र्यावर घासून वायर कापली जाऊ नये म्हणून असं रबर घालावं, हे माहितीपत्रकात सहाव्या पानावर होतं. तात्यांनी ते न वाचता केलं. काम सुरू करण्याआधी त्यांनी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवलं, तेही न वाचता. मी कागद पिशवीत घातला.

अडचण पुढे आली. ह्या जीपची बॅटरी बॉनेटखाली नाही, ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. विंचबरोबर आलेल्या लाल आणि काळ्या वायरी अंगठ्याएवढ्या जाड होत्या, पण सहा फुटांच्या. लागणार होत्या आठ फूट.

“त्यात काय,” तात्या म्हणाले आणि कोपऱ्यातून बोअरच्या मोटरीची चपटी केबल ओढून काढली. तिच्यात तीन तारा असतात, प्रत्येक माझ्या पेनच्या रिफिलहून थोडी जाड. तात्यांनी तिन्ही एकत्र पिळल्या, त्या पिळ्याला विंचची वायर जोडली आणि वर टेप गुंडाळली. लालला एक तुकडा, काळ्याला एक. दोन्ही सांधे बरोबर सीटखाली आले. खोक्यात आणखी एक वस्तू होती: चावीचा मेन स्विच. विंच वापरायचा नसेल तेव्हा, किंवा काही बिघडलं तर, बॅटरी एका झटक्यात तोडण्यासाठी. तात्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि काकांना दिला.

“हे काय करायचं?” काकांनी विचारलं.

“राहू द्या. एक जोड वाढला की एक लफडं वाढतं. डायरेक्ट देतो.”

माझ्या तोंडून शब्द निघाले, पण फार हळू. “ह्यात लिहिलंय की वायर... कमीत कमी ह्याच जाडीची...”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिकवण्याची आवड असलेल्या माणसाने पाहावं तसं.

“ताई, ह्या केबलीवर धा हॉर्सची मोटर चालती, पाचशे फुटावर. ह्यो विंच किती हॉर्सचा?”

“साडेपाच.”

“मग? झालं की.”

दुकानातले दोघं-तिघं हसले. “ताईंचं मराठी टीव्हीवरल्या बातम्यांवानी हाय,” एक जण म्हणाला. तात्यांनी त्याला हाताने गप्प केलं. “शिकल्याली हाय ती. तुझ्यावानी न्हाय.”

इथे मला हिशेब मांडायला हवा होता, तो आता वाचकांसमोर मांडते. शेतातल्या मोटरीला चारशेवर व्होल्ट मिळतात, म्हणून दहा हॉर्सपॉवरला पंधरा-सोळा अँपिअर पुरतात. गाडीच्या बॅटरीत व्होल्ट बाराच. त्या बारा व्होल्टांतून निम्मी ताकद काढायची म्हटली तरी तीन-चारशे अँपिअर लागतात. वायर तापते ती हॉर्सपॉवरने नाही, अँपिअरने. पाण्याचा दाब कमी असला की तेवढंच पाणी न्यायला पाइप मोठा लागतो, तसंच हे. सगळं आयुष्य चारशे व्होल्टांत काढलेल्या माणसाने केबलची जाडी हॉर्सपॉवरवरून ठरवावी, ह्यात नवल नाही. चाळीस वर्षं तो हिशेब त्यांना बरोबर उत्तर देत आला होता.

हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं. मराठीत आणेपर्यंत काकांनी जीप चालू केली होती.

चाचणी झाली. रस्त्याच्या कडेला रिकामी ट्रॉली होती, तिला हूक लावला. काकांनी दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाकलं. दोर तुटला तर चाबकासारखा येतो, गोणपाटाचं वजन त्याला खाली पाडतं. उसाच्या ट्रॉल्या ओढताना ते हे शिकले होते. बटण दाबलं, ट्रॉली सरकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी मोटरीला कान लावला आणि समाधानाने मान हलवली.

सगळे पुढे होते. मी सीटखाली हात घातला आणि टेपला बोटांची मागची बाजू लावली. गरम होती. चटका बसेल इतकी नाही, चहाच्या कपाएवढी. रिकाम्या ट्रॉलीला, अर्ध्या मिनिटात.

कळसवरून पळसदेवकडे जाताना मी काकांना सांगितलं. म्हणजे एवढंच सांगितलं, “काका, वायर थोडी गरम झाली होती.”

“व्हणारच की. लोड आला की गरम व्हतीच.”

“जास्त लोड आला तर?”

“तात्याचा हात हाय त्यो, पोरी. कारखान्याच्या मोटरी त्यांच्याकडं येत व्हत्या.” मग जरा वेळाने, “तू घाबरती लई. तुझा बाप बी तसाच.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यालगत मका उभा होता. पुढे मका संपला, ऊस लागला आणि त्यामागे पाण्याची लांबच लांब करडी रेघ दिसू लागली.

तिसरा दिवस: पळसदेव

उजनीचा फुगवटा समुद्रासारखा वाटतो असं मला सांगितलं होतं. मला तसा वाटला नाही. समुद्राला आपली जागा असते. हे पाणी शेतावर येऊन बसलेलं आहे आणि उठून जातं तेव्हा मागे सगळं दिसतं: जुन्या बांधांच्या रेघा, बाभळीचे काळे बुंधे, विहिरीचं गोल तोंड. जुनं देऊळ अजून पाण्यातच होतं, शिखराचा वरचा भाग तेवढा बाहेर. त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. लांबवर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा. आत्याला त्याचं काही कौतुक नव्हतं. “पुण्यास्नं लोक येत्यात बघाय, होडीत बसून. आमच्या दारातनं जात्यात आणि पाणी मागत्यात.”

आत्याने सकाळीच चिलापी तळली. फुगवट्यातला मासा, हळद-मीठ-तिखट लावलेला, बाजरीच्या भाकरीबरोबर. काटे काढायला मला वेळ लागतो म्हणून मामांनी आपल्या ताटातला मधला मऊ भाग काढून माझ्या ताटात ठेवला. ते कमी बोलतात. बसताना पाय सरळ पुढे ठेवतात आणि उठताना दोन्ही हातांनी खांब धरतात, मग थोडा वेळ तसेच उभे राहतात, पाय आपला आहे ह्याची खात्री होईपर्यंत.

पंधरा दिवसांत पाणी बरंच मागे गेलं होतं. मोटरीच्या पाइपाचं तोंड उघडं पडलेलं आणि मोटरीचा सांगाडा गाळात एका बाजूने हातभर रुतलेला. पाच दिवस केळीला पाणी नव्हतं. पानं कडेने पिवळी पडू लागली होती. लाईट दुपारी दोनला येणार होती, त्याआधी सांगाडा काढून नव्या जागी बसवायचा होता.

अकरापर्यंत काठावर पंचवीसेक माणसं जमली. शेजारच्या मोटरवाल्यांना बघायचं होतं, चाललं तर त्यांनाही हवं होतं. तात्या मोटारसायकलवर भवानीनगरहून आले, हँडलला झेंडूचा हार अडकवून. तो त्यांनी स्वतः विंचला घातला. शेजारच्या पाटलांनी नारळ आणला होता आणि काकांपुढे धरला.

“आमी न्हाय फोडत,” काका म्हणाले. “तुमी फोडा. खोबरं मातुर आमी खातो.”

“खोबऱ्याला बरं येतासा,” पाटील म्हणाले आणि दगडावर नारळ फोडला. आत्याने पेढे वाटले.

जीप कठीण जमिनीवर, सांगाड्याकडे तोंड करून उभी केली. चाकांमागे दगड लावले. दोर गाळावरून सांगाड्यापर्यंत नेला, गोणपाट ओलं करून टाकलं. माणसांना काकांनी दोरापासून लांब पिटाळलं. सगळं व्यवस्थित होतं. विंच ओढत असताना इंजिन चालू ठेवून कुणीतरी ब्रेकवर बसायला हवं होतं.

“मामांना बसवा,” काका म्हणाले. “गाळात त्येंचं काम न्हाय. हितं सावलीला बसतील.”

दोघांनी धरून मामांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ताठ पाय आत घ्यायला वेळ लागला. त्यांनी आपल्या हातांनी मांडी उचलली, पाय ब्रेकजवळ नेऊन ठेवला आणि दार ओढून घेतलं. उतरताना एवढाच वेळ लागणार होता. सीटखाली ते दोन सांधे होते. सीटमागे काकांनी डिझेलचा कॅन ठेवला होता, नेहमीप्रमाणे.

मी आत्याजवळ जाऊन उभी राहिले. तिला सांगावं असं वाटलं. ती सांगाड्याकडे बघत नव्हती, मामांकडेही नाही. ती केळीकडे बघत होती.

“कुणाच्या हातनं सुरू करायचं?” पाटलांनी विचारलं.

“तात्यांच्या.”

“मी न्हाय,” तात्या म्हणाले. “पोरीच्या हातनं करा. पुण्यास्नं खोकं उचलून आणलंय तिनं. इंग्रजी मशीन हाय, इंग्रजी शिकल्याल्या माणसानं चालू करावं.” आणि ते माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता. दुकानात लोक हसले होते, त्याची भरपाई ते करत होते.

वायरचा रिमोट माझ्या हातात आला. दोन बटणं, एकावर आत घेण्याचा बाण, एकावर बाहेर सोडण्याचा. कुणीतरी फोन वर धरला. काकांनी हात वर केला, मी दाबायचं तो इशारा.

गाळ किती जोराने धरून ठेवतो हे मला सकाळी कळलं होतं. माझी एक चप्पल तिथेच राहिली होती, दोघांनी ओढूनही निघाली नव्हती. काल ओढली ती रिकामी ट्रॉली होती, डांबरी कडेवर. हा लोखंडी सांगाडा, मोटरीसकट, हातभर खोल. विंच पूर्ण ताकद लावणार, बॅटरी तो मागेल तेवढे अँपिअर देणार, मधली पातळ केबल तापून पेटणार, आणि थांबवायला मध्ये काहीच नव्हतं. मेन स्विच भवानीनगरला तात्यांच्या दुकानातच राहिला होता.

“दाब की गं,” आत्या म्हणाली.

मी मामांकडे पाहिलं. काच खाली होती. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि माझ्याकडे बघून, धीर द्यायला म्हणून, मान हलवली.

मी रिमोट विंचमधून उपटला. प्लग सहज निघाला. तो खिशात घालून मी जीपच्या दाराशी गेले आणि दार उघडलं. मागून काका म्हणाले, “काय झालं?” तात्याही पुढे आले. पंचवीसही माणसांना ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवला.

“मामा, खाली उतरा. तात्या, तुमच्या केबलीला हात लावला होता मी काल, रिकाम्या ट्रॉलीला तापली ती. ती ह्यांच्या खाली आहे. जाड केबल आणि मेन स्विच लागेपर्यंत मी हे बटण दाबणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाबू देणार नाही.”